कुंपणाची माती

अप्पांनी त्याला पहिल्याच दिवशी घूस ठरवून टाकलं होतं. शलाकाने त्यांच्या हातात दुर्बीण दिली, डोमेल नदीच्या पाण्याशी बसलेलं ते तपकिरी धूड दाखवलं आणि म्हणाली, "अप्पा, हा बीव्हर. झाडं पाडतो, काठात घर पोखरतो." अप्पांनी एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं आणि दुर्बीण परत केली.

"घूस आहे. आमच्या पाटबंधारे खात्याच्या गोदामात हिचे भाऊबंद होते. फरक एवढाच, की त्यांच्याकडे कुणी दुर्बीण लावून बघत नव्हतं."

शलाका हसली. सासऱ्यांच्या विनोदाला हसायचंच असतं, आणि हा विनोद तसा बराही होता. पण आतून तिला जरा लागलं. कारण तो बीव्हर तिचा होता. म्हणजे कायद्याने तो कुणाचाच नव्हता, हॉलंडात त्याच्या अंगाला हात लावायला बंदी आहे. पण पुण्यातली कॉलेजची नोकरी सोडून नवऱ्यामागे आइंडहोव्हनजवळच्या वालरे गावी आल्यावर पहिल्या हिवाळ्यात तिला रोज भेटायला येणारा प्राणी तोच एक होता. सारंग सकाळी अंधारात संगणकाच्या चिप्सची यंत्रं बनवणाऱ्या कंपनीत जाई आणि अंधारातच परत येई. डच भाषा तोंडात बसत नव्हती. तिन्हीसांजेला मात्र बागेच्या टोकाला, नदीच्या काठावर, हा यायचा. विलोच्या झाडाची काडी दोन्ही हातांत धरून मक्याच्या कणसासारखी फिरवत सोलायचा. "हा आला नसता तर मी परत गेले असते," असं ती एकदा सारंगला म्हणाली. सारंगला ते गमतीचं वाटलं. ते गमतीचं नव्हतं.

ती त्याला म्हातारा म्हणायची. त्याची बायको, म्हणजे बाई, अंगाने त्याच्याहून थोराड. त्यांचं गेल्या उन्हाळ्यातलं एक पिल्लू अजून बरोबर होतं, आणि मे महिन्यात नवी पिल्लं व्हायची होती. हे सगळं तिला विलेमीनने सांगितलेलं. विलेमीन म्हणजे गावातल्या शाळेतली जीवशास्त्राची निवृत्त शिक्षिका. नदीकाठच्या बीव्हरांची गणती करते, आणि शलाकाला बरोबर घेऊन हिंडते. काठावर चिखलाचे टोपलीएवढे ढिगारे दिसले तेव्हा विलेमीनने तिला हाताला धरून थांबवलं होतं.

"पाय देऊ नकोस. हे त्याचं कुंपण आहे. तळातला चिखल छातीशी धरून आणतो, ढीग करतो आणि त्यावर आपला वास सोडतो. वसंतात दोन वर्षांच्या तरण्या पोरांना आईबाप घराबाहेर काढतात. ती जागा शोधत नदीने येतात. असा वास आला की समजतात, मालक घरात आहे, आणि पुढे जातात. कुंपण नसलं तर आत शिरतात."

"आणि मग?"

"मग मारामारी. हे प्राणी दिसतात आजोबांसारखे, पण जागेसाठी एकमेकांचे मुडदे पाडतात. मागून कमरेत चावतात. ओकचं खोड पाडणारे दात आहेत ते."

हे शलाकाला ठाऊक होतं. नीट ठाऊक होतं. गोष्ट सगळी इथेच आहे.

अप्पा फेब्रुवारीत आले. सासूबाईंना जाऊन वर्ष होत आलं होतं आणि नाशिकच्या घरात हा माणूस एकटा भिंतीकडे बघत बसतो म्हणून सारंगने त्यांना तीन महिन्यांसाठी आणलं. इथे ते इथल्या भिंतीकडे बघू लागले. जेवायला बसवलं तर अर्धी पोळी. फिरायला चला म्हटलं तर "थंडी आहे." तेवढ्यात मराठी मंडळाने तिथीच्या शिवजयंतीला किल्ल्यांची स्पर्धा जाहीर केली: प्रत्येकाने आपल्या बागेत किल्ला करायचा, परीक्षक गाडीने घरोघर येऊन बघणार. सारंगने सहज जेवताना सांगितलं आणि अप्पांनी ताटातून मान वर केली.

"राजगड करायचा," ते म्हणाले. "तिन्ही माच्या आणि बालेकिल्ला. प्रमाणात."

दुसऱ्या दिवशी सकाळी सदऱ्यावर सारंगचं जुनं जॅकेट चढवून अप्पा बागेत उभे. पण किल्ला करायला माती लागते, आणि ब्राबंटात, म्हणजे हॉलंडच्या या भागात, सगळी वाळू. मुठीत धरा, मूठ उघडा, हात रिकामा. बागेच्या दुकानातून सारंगने पोती आणली, तर त्यांत मातीच्या नावाखाली काळा भुसा. त्याची सुवेळा माची दुपारपर्यंत खाली बसली. अप्पा चिडले. चिडले म्हणजे जिवंत झाले, असं शलाकाला वाटलं आणि बरं वाटलं.

मग एका सकाळी ते सिमेंट कालवायची काळी रबरी बादली दोन्ही हातांनी पोटाशी धरून काठाकडून वर आले. चेहरा असा, की जणू पहिलं पेन्शन मिळालंय.

"शलाका, माती बघ! लोण्यासारखी. बोट लावलं तर बोटाचा ठसा उठतो. काठावर कुणीतरी ढीग घालून ठेवलेत, फुकट. वास येतो जरा, चामड्याचा नि काढ्याचा. येऊ दे. गडावर घोडे होते, वास यायचाच."

शलाकाने बादलीत पाहिलं. चिखल, कुजकी पानं, आणि तो वास. तिने तोंड उघडलं.

"अप्पा, ती परत ठेवून या." एवढंच म्हणायचं होतं. ते तिच्या जिभेवर आलं आणि तिथेच बसून राहिलं. लग्न झालं त्या वर्षी नाशिकला तिने एकदा म्हटलं होतं, "अप्पा, टीव्हीचा आवाज थोडा कमी करता का?" अप्पांनी आवाज कमी केला नाही, टीव्हीच बंद केला, आणि ती तिथे होती तोवर महिनाभर पुन्हा लावला नाही. कुणी तिला काही बोललं नाही. सासूबाई फक्त बंद टीव्हीवरची धूळ पुसायच्या. तेव्हापासून अप्पांपुढे 'नको' म्हणायचं नाही, हे तिने मनाशी पक्कं केलेलं. आणि आता तर माणूस वर्षभराने हसत होता.

"छान आहे माती," ती म्हणाली.

संध्याकाळी तिने सारंगला स्वयंपाकघरात गाठलं. सारंग फोनवरून नजर न काढता म्हणाला, "अगं, लेट इट गो ना. किती महिन्यांनी अप्पा एक्सायटेड आहेत. आणि बीव्हरचं कामच आहे बांधायचं. परत बांधेल."

तो परत बांधायचा, हे खरं होतं. तेच तर वाईट होतं. तिन्हीसांजेला म्हातारा पाण्यातून वर यायचा, रिकाम्या जागी नाक घासायचा, मग पाण्यात बुडी मारून चिखलाची ओंजळ छातीशी धरून मागच्या दोन पायांवर तोल सावरत चढ चढायचा. ढीग थापायचा, त्यावर बसायचा, पुन्हा पाण्यात. सकाळी अप्पा बादली घेऊन हजर.

"हा तर माझा बिगारी निघाला!" ते खुशीत म्हणायचे. "पगार नाही, रजा नाही, रोज माल पोहोच. खात्यात असा एक माणूस मिळाला असता तर धरण दोन वर्षं आधी झालं असतं."

राजगड चढत गेला. संजीवनी माचीसाठी माती कमी पडली तेव्हा अप्पा काठाने वळणापर्यंत गेले आणि तिकडचेही ढिगारे घेऊन आले. शलाका खिडकीतून बघत राही. म्हाताऱ्याने सोललेल्या काड्या आता काठावर दिसत नव्हत्या. खायला त्याला वेळच नव्हता. रोज संध्याकाळी ती ठरवायची की उद्या सांगायचं, आणि रोज सकाळी अप्पांना दुसरी पोळी मागून घेताना बघून मूग गिळून पुन्हा म्हणायची, "छान आहे माती." एकाचं पोट भरत होतं आणि दुसऱ्याचं रिकामं होतं, आणि दोन्ही तिच्याच डोळ्यांदेखत.

मग एका संध्याकाळी नदीवर बार उडाल्यासारखा आवाज झाला. बीव्हर शेपटी पाण्यावर आपटतो तो आवाज. पुन्हा झाला. पुन्हा. शलाका भांडी टाकून बागेच्या टोकाला धावली. पाण्यात तीन डोकी तिला ओळखीची होती. चौथं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पिल्लू सापडलं. वेतासारख्या वाळक्या गवतात अडकून उताणं तरंगत होतं. शलाकाने काठीने जवळ ओढलं आणि मग ते उलटं झालं. पाठीच्या खालच्या भागात दातांनी उघडलेली भगदाडं होती, एकाशेजारी एक, आणि एका भगदाडातून पांढरं हाड दिसत होतं. चावणारा एकदा चावून थांबला नव्हता. पिल्लू मेल्यावरही चावत राहिला असावा. एक पुढचा पंजा मिटलेला होता, माणसाच्या मुलासारखा, त्यात गवत. शलाका काठावर बसली आणि मोठ्याने रडली. आपल्याला कुणी ऐकेल याची तिला पर्वा वाटली नाही.

विलेमीन आली, गुडघे टेकून पिल्लू पाहिलं आणि उठून काठाने एक फेरी मारून आली. चेहरा कडक झाला होता.

"बाहेरचा तरणा आहे. पण तो आत आलाच कसा? इथे एकही ढिगारा नाही. वळणावरही नाही. शलाका, कधीपासून नाहीत?"

अप्पा मागे दहा पावलांवर बालेकिल्ल्याला टाचणीने खिडक्या पाडत होते. त्यांना डच येत नव्हतं, इंग्रजी येत होतं; विलेमीन इंग्रजीतच बोलत होती, पण अप्पांचं लक्ष गडावर.

"माहीत नाही," शलाका म्हणाली.

"कुत्रा उकरत असेल कुणाचा," विलेमीन म्हणाली. "आता म्हातारा आणि हा, दोघांतला एक राहील. तू मध्ये पडू नकोस. कायद्याने कुणालाच पडता येत नाही. आणि माणसाला चावले तर मांडीची शीर तोडतात, माणूस काठावरच संपतो. ऐकतेयस ना?"

ऐकत होती. सगळं ऐकत होती. बोलत तेवढी नव्हती.

त्या दुपारी अप्पा आडवे झाल्यावर तिने एक खुळेपणा केला. राजगडाच्या मागच्या बाजूने, जिथून परीक्षकांना दिसणार नाही तिथून, तिने दोन्ही हातांनी माती खरवडली, बादलीत भरली आणि काठावर नेऊन ढिगारे घातले. जिथे होते तिथेच, तसेच. मग वाकून वास घेतला. मातीला मातीचा वास येत होता. वाळलेल्या चिखलाला कुंपण म्हणणारा बीव्हर अजून जन्मायचाय. ती हात धुवायलाही विसरून घरात गेली.

संध्याकाळी म्हातारा दिसला. पोहत होता, पण एका बाजूला कलून. शेपटीच्या मुळाशी कातडं फाटून लोंबत होतं आणि पोहताना पाण्यात हलत होतं. तो तिच्या काठाला आला, तिने थापलेल्या ढिगाऱ्याशी थांबला, आणि तसल्या अवस्थेत पुन्हा चिखल आणायला वळला. शलाकाला वाटलं आपण आता मोठ्याने ओरडू, अप्पांना हाक मारू, सगळं सांगू. पण किल्ला तर पूर्ण झाला होता. अप्पांनी माती आणणं बंद केलं होतं. आता सांगून काय उपयोग? न सांगायला तिला रोज नवं कारण मिळत होतं, आणि प्रत्येक कारण अगदी शहाण्यासारखं होतं.

शनिवारी दिवस मावळताना ती मारामारी झाली.

सारंग मिठाई आणायला गावात गेला होता. अप्पा गडाच्या पायथ्याशी झेंडा रोवत होते. खालून असा आवाज आला, की अप्पांच्या हातातला झेंडा पडला: गुरगुरणं, फूत्कार आणि त्यातून एखादं मूल कळवळावं तशी बारीक किंकाळी. शलाका धावली. धावताना बागेच्या कुंपणाला टेकवलेलं फावडं तिच्या हातात कधी आलं तिला कळलं नाही. हॉलंडातलं फावडं, सरळ दांड्याचं, पात्याला धार असलेलं.

काठाच्या उथळ पाण्यात दोघे एकमेकांना भिडले होते. मागच्या पायांवर उभे, पुढच्या हातांनी एकमेकांच्या खांद्यांना कव घातलेली, जणू दोन पैलवान. आणि दोघांचे दात एकमेकांच्या मानेत, खांद्यात, जिथे मिळेल तिथे. कोसळले. लोळले. चिखल उडाला. पाणी आधी काळं झालं, मग लाल. वरचा खालच्याला पाण्यात दाबून त्याच्या कमरेत दात रोवत होता, डोकं झटकून मांस ओढत होता, पुन्हा रोवत होता. खालचा गुदमरून हातपाय झाडत होता. त्याचा पंजा एकदा पाण्याबाहेर आला, बोटं पसरलेली.

"शलाका! मागे फिर!" अप्पा वरून ओरडले.

ती पाण्यात उतरली. गुडघ्याएवढं गार पाणी बुटांत शिरलं. इतके दिवस गिळलेलं सगळं तिच्या दंडांत उतरलं होतं. जन्मात झुरळ न मारलेली बाई; तिने फावडं डोक्यावर उचललं आणि आणलं खाली. पहिला घाव पाण्यावर बसला. वरच्याने मान वळवली आणि तिच्या पोटरीवर झेप घेतली. बूट फाटला, आतलं मांसही. दुखलं नाही. दुखायला सवड नव्हती. "चालता हो!" ती मराठीत किंचाळली. "हे त्याचं घर आहे, चालता हो!" दुसरा घाव डोक्यावर बसला, आणि तो बसला हे तिला दांड्यातून कोपरापर्यंत कळलं. तिसरा तिने तरीही घातला. चौथाही. वरचा निसटून बाजूला पडला आणि हलायचा थांबला. खालचा धडपडत उठला, खोल पाण्यात शिरला आणि वेगाने पलीकडे निघाला.

तिला आनंद झाला. खोटं कशाला सांगायचं, असा आनंद तिला कित्येक वर्षांत झाला नव्हता. वाचवला. शेवटी वाचवला.

मग तिने फावड्याच्या पात्याने मेलेल्याला उलटा केला.

तोंड पांढुरकं होतं. वरचे दात झिजून खुंट झाले होते, त्यातला एक उभा चिरलेला. अंगावर जुन्या, भरून आलेल्या जखमांचे वण, आणि शेपटीच्या मुळाशी लोंबतं कातडं. म्हातारा जिंकत होता. या वयात, अर्धपोटी, फाटलेल्या पाठीने, आपल्या घराच्या दारात तो जिंकत होता. आणि तिने त्याचं डोकं फोडलं होतं. चार वर्षं रोज पाहिलं, पण पाहिलं ते नेहमी त्याच्या जागी बसलेलं. जागा त्याची म्हणून तो तो. एका जागेवर दोघे आले तेव्हा तिला त्यातला आपला कोणता ते कळलं नाही.

अप्पा कधी खाली उतरले तिला समजलं नाही. त्यांनी तिला काखेत हात घालून काठावर ओढलं, गळ्यातला मफलर काढला आणि तिच्या पोटरीला आवळून बांधला. गाठ पक्की बसली. मग सारंगला फोन केला, "गाडी आण, दवाखाना," एवढंच म्हणाले. बाई तोवर पाण्यातून वर आली होती. मे महिन्याचं ओझं पोटात घेऊन ती म्हाताऱ्याजवळ आली, त्याच्या मानेत नाक खुपसलं, दोन्ही हातांनी त्याची ओली केसाळ छाती विंचरू लागली. ती विंचरत राहिली, तो हलला नाही.

पलीकडच्या काठावर तरणा चढला होता. अंगातून रक्त गळत असतानाच तो वळला, पाण्यात वाकला, छातीशी काहीतरी धरून वर आला आणि खाली थापलं. पुन्हा पाण्यात.

"काय करतोय तो?" अप्पांनी विचारलं.

"कुंपण घालतोय," शलाका म्हणाली. "चिखलाचे ढीग घालतात, वर वास सोडतात. म्हणजे बाहेरचा आत येत नाही."

अप्पांनी त्या ढिगाकडे बघितलं. मग वर बागेकडे वळून बघितलं, तिथे राजगड उभा होता. पुन्हा खाली म्हाताऱ्याकडे बघितलं. इंजिनिअर माणूस, बेरीज करायला त्यांना वेळ लागला नाही.

"ती माती मी नेत होतो ती."

"हो."

"तुला ठाऊक होतं?"

"हो."

"कधीपासून?"

"पहिल्या बादलीपासून."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही हसत होतात, अप्पा. वर्षभराने हसत होतात. मला भीती वाटली, मी नको म्हटलं तर तुम्ही पुन्हा..."

अप्पा तिच्या शेजारी चिखलात बसले. हळूहळू, एक हात जमिनीला टेकवून, तोंडाने 'आई गं' म्हणत. बसताना त्यांना किती त्रास होतो हे शलाकाने पहिल्यांदाच पाहिलं.

"कंबर मोडली होती माझी," ते म्हणाले. "दुसऱ्याच दिवशी मोडली. त्या बादल्या, तो चढ, ती थंडी. वाटायचं, कुणीतरी म्हणेल, अप्पा, पुरे आता, नको. पण तू रोज म्हणायचीस, छान आहे माती. मला वाटलं, पोरीला एवढी हौस आहे, तर आपण कसं थांबायचं?"